वास सांगणारं माणूस

खामगावच्या कॉलेजात मी नळ्या बनवते असं सांगितलं, की लोक प्लंबिंगचं विचारतात. माझ्या नळ्या डोळ्यांना दिसत नाहीत. भट्टीत तापलेल्या क्वार्ट्झच्या नळीत टंगस्टनच्या संयुगाची वाफ आणि हायड्रोजन सल्फाइड वायू सोडायचा, की काळी भुकटी जमते. तिच्यातले कण आतून पोकळ असतात. काही नळीसारखे, काही पिंजऱ्यासारखे. सपाट थराच्या काठावरच्या अणूंना एका बाजूला शेजारीच नसतो, म्हणून तो थर वळतो आणि स्वतःलाच जाऊन मिळतो. वर्गात हे मी हसतहसत शिकवते.

या वायूला सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि त्याची खोड अशी की थोड्या वेळाने आपलं नाकच मरतं. गळती झाली तर बोंबलणारं यंत्र भट्टीपाशी आहे. पण केसांना, कपड्यांना चिकटून घरी आलेला वास यंत्राला कळत नाही आणि मलाही नाही. तो बाबांना कळायचा. आमच्या घरात अंडं कधी आलं नव्हतं, त्यामुळे त्यांचा राग दुप्पट. मी फाटकाशी थांबायची, ते ओसरीवरून हुंगायचे.

"लयच वास येऊन राह्यला आज. पहिले आंघोळ कर, मंग घरात ये."

मयतीवरून आल्यावर करतात तशी आंघोळ, कशाला न शिवता. पीएच.डी. झालेल्या बाईला रोज हे! मला भयंकर चीड यायची.

बाबांना स्मशानात पोचवून आलो, तेव्हा दारात आत्या म्हणाली, "पहिले आंघोळ कर." मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आज मी कॉलेजात गेलेच नाही." कुणाला काही समजलं नाही. मलाही ते नंतरच समजलं, आणि मग रडू आवरेना.

भट्टी आता पुन्हा सुरू आहे. घराला कुलूप असतं, तरी मी फाटकाशी थांबतेच. फार कुणाची सोबत मला नको आहे. अंगाला वास येतो की नाही, एवढं खरं सांगणारं एक माणूस हवं आहे.

परवा अशीच थांबले होते, तर शेजारच्या काकू वाटीत भाजी घेऊन आल्या. मी धीर करून विचारलं, "काकू, खरं सांगा, माझ्या अंगाला वास येतो का?"

"नाई व माय," त्या म्हणाल्या. "कायचा वास?"

वाटी माझ्या हातात देऊन त्या घाईने वळल्या. नाकावरचा पदर मात्र त्यांनी शेवटपर्यंत काढला नव्हता.