ओवीच्या हातावरची कानबाई

“माय वं! पोरना हातवर कानबाई उतरनी शे!”

मोठी काकू देवघरातून ओरडली. उतरला होता तो एक विषाणू, आणि ते त्या घरात फक्त मला माहीत होतं.

श्रावणातला रविवार. धुळ्याच्या आमच्या घरी आमची खानदेशी देवी कानबाई नारळाच्या रूपात बसली होती आणि पारोळ्याहून सगळी भाऊबंदकी आली होती. माझी तीन वर्षांची भाची ओवी नारळाच्या देवीसमोर तळहात पसरून उभी होती. तळहातांवर लाल फोड, तळपायांवरही. कालच तिला किंचित ताप येऊन गेला होता.

तिच्या प्लेग्रुपने शनिवारीच इंग्रजीतून पत्रक पाठवलं होतं. घरातला प्रत्येक इंग्रजी कागद माझ्याकडे येतो. (वॉशिंग मशीनची वॉरंटीसुद्धा. बाकी कुठल्याच विषयात मला कुणी विचारत नाही.) पत्रकात लिहिलं होतं की हात, पाय आणि तोंडाला फोड येणारा आजार पसरलाय, मुलांना घरी ठेवा. हा विषाणू आतड्यात वाढतो, आणि थुंकी, शेंबूड, फोडांतलं पाणी व शी यांतून दुसऱ्याच्या तोंडात जातो.

नाना, म्हणजे आमच्या घरातले सर्वांत मोठे, तेव्हा देवीचा चौरंग पुसत होते.

“बेटा, काय लिखेल शे त्यामा?”

आता चौरंग पुसणाऱ्या नानांसमोर मी ‘शी’ कसं म्हणणार?

“सुट्टी आहे,” मी म्हणाले. “तीन दिवस.”

“वा! मंग ऱ्हाऊ दे पोरले आठेच!”

राहिली घरीच. रविवारी काकूच्या हुकमाने लहानथोर सगळे ओवीच्या पाया पडले. फोड आलेल्या त्या पावलांना हात लावून तोच हात कपाळाला! मग ओवीने त्याच हातांनी एकेकाला पुरणपोळीचा घास भरवला. मी काय केलं? सॅनिटायझरची बाटली घेऊन पंगतीत गुपचूप फिरले.

“ह्या पोरले बाटलीना वास भलता आवडस,” काकू म्हणाली.

(या विषाणूपुढे सॅनिटायझर फारसं चालत नाही, साबणाने हात धुवा, असं पत्रकाच्या मागच्या पानावर लिहिलं होतं. ते पान मी मंगळवारी वाचलं.)

बुधवारी पारोळ्याहून भाऊबंदकीच्या ग्रुपवर पहिला तळहात आला. फोटोखाली हात जोडलेले. “आमच्या चिकूवरही आईची कृपा!” गुरुवारी आणखी तीन तळहात. ज्यांच्या मुलांना काहीच झालं नव्हतं, त्या आया हिरमुसल्या! “आमचं काय चुकलं?” एकीने विचारलं. मी उत्तर टाईप केलं, पुसलं, पुन्हा टाईप केलं, पुन्हा पुसलं. शेवटी मीही हात जोडलेले पाठवले.

त्याच दिवशी माझ्या तोंडात फोड आले. पाणी गिळताना काच गिळल्यासारखं व्हायचं. मी दिवसभर एक शब्द बोलले नाही आणि घरात कुणाच्याही ते लक्षात आलं नाही!

शुक्रवारी सगळे पुन्हा जमले. कानबाईच्या रोटाचं, म्हणजे तिच्या नावाने दळलेल्या पिठाचं, जेवण भाऊबंदकीबाहेर द्यायचं नसतं आणि ते पीठ पौर्णिमेच्या आत संपवायचं असतं. त्यामुळे विषाणूलाही बाहेरचं कुणी शोधावं लागलं नाही. रविवारसारखीच पारोळ्याची चुलतवहिनी दहा महिन्यांच्या अनुजला घेऊन आली होती. त्याच्या मांड्यांवर फोड होते. तो छातीशी घेतला की तोंड फिरवायचा, वाटी पाहिली की किंचाळायचा. दुपारी तर किंचाळणंही थांबलं. कुरकुरताना त्याच्या डोळ्यांतून पाणी येईना.

“शांत झालाय हो!” वहिनी कौतुकाने म्हणाली. “सकाळी सहाला लंगोट बांधलाय, अजून कोरडा!”

“देवीनी कृपा!” काकू म्हणाली.

मी घड्याळ पाहिलं. तीन वाजले होते. अनुजचे ओठ वाळले होते, डोळे खोल गेले होते. पत्रकातली शेवटची ओळ ठळक अक्षरांत होती: मूल पाणी पीत नसेल, लघवी थांबली असेल, तर वाट पाहू नका. मी वहिनीजवळ जाऊन कानात सांगायचा प्रयत्न केला. “जरा थांब ना, ताट वाढतेय,” ती म्हणाली. आईला खुणावलं. आईने मला पापड दिला.

काकूच्या मांडीवर त्या बाळाची मान एका बाजूला कलली होती.

मी पंगतीच्या मधोमध उभी राहिले. चाळीस माणसं, चाळीस घास, सगळे माझ्याकडे बघायला लागले. (पुढे दोन दिवस अनुज सलाईनवर होता. आता भिंत धरून चालतो.) भाऊबंदकीसमोर मी आयुष्यात पहिल्यांदाच तोंड उघडत होते, तेही फोडांनी भरलेलं. आवाज निघाला तो थेट गल्लीपर्यंत गेला म्हणे.

“नाना, बाळाने सकाळपासून शू केलेली नाही! ही कानबाई नाही, साथ आहे, ओवीच्या थुंकीतून आणि शीतून आलेली! त्या कागदात सगळं लिहिलं होतं, मी तुम्हाला सुट्टी म्हणून सांगितलं! आधी गाडी काढा, मला काय बोलायचं ते गाडीत बोला!”