बेडक्याची डबी
शेजारी कुणी मिश्री भाजली की तो तिखट वास आमच्या खिडकीतून आत येतो आणि मला आईची ती सकाळ आठवते. बरेच दिवस तिला खोकला आणि बारीक ताप होता. डॉक्टरांना क्षयाची शंका आली, म्हणून बेडका तपासायला मी तिला शिरोळहून कोल्हापूरच्या दवाखान्यात आणलं होतं. चारचौघांत जायचं म्हणून आईनं मिश्री लावून दात घासले, खळखळून चुळा भरल्या आणि तपासणीच्या डबीत पाण्यासारखी स्वच्छ थुंकी दिली. प्रयोगशाळेतल्या बाईंनी डबी उजेडात धरली. "मावशी, ही नुसती थुंकी हाय. ह्यात जंतू घावायचे न्हाईत आणि दुखणं छातीत तसंच ऱ्हाईल. खोल खोकून बेडका काढा की." आई संकोचली. "असलं घाण परक्याच्या हातात कसं द्यायचं, बाई?" "मला तेच लागतंय. चांगलंचुंगलं तुमच्या घरात वाढा." आईला हसू आलं आणि हसता हसता खोकल्याची उबळ आली. बाईंनी तिला मागच्या मोकळ्या अंगणात नेलं. लांबून मला तिची हलणारी पाठ तेवढी दिसत होती. ती परतली ती डबी पदराआड झाकूनच. बाईंच्या हातात देताना हळूच म्हणाली, "हात धू हां पोरी, घरात लेकरं असतील तुझ्या." दुखणं सापडलं, गोळ्या लागू पडल्या आणि आई पुढं कितीतरी वर्षं आमच्यात राहिली. गेल्या महिन्यात ती म्हातारपणानं गेली. कुणाकुणाला कळवायचं ते ठरवताना त्या बाई आठवल्या; त्यांचं नाव मात्र मला ठाऊक नाही.