अप्पांचा प्रश्न
कोऱ्या कापडाचा वास आला की दाजीबानपेठेतलं आमचं दुकान आठवतं. मी दहावीत होतो. मराठीच्या बाई म्हणाल्या होत्या, "कवितेचा अर्थ गाईडमधून उतरवू नका, घरी कुणाला तरी सांगून बघा." कविता होती घर सोडून गेलेल्या मुलीची. आमची अक्का मनासारखं लग्न करून गेल्यापासून अप्पा तिचं नावही काढत नव्हते, पण सांगण्याच्या भरात ते माझ्या ध्यानातच राहिलं नाही. कात्रीची खाच देऊन कापड फाडता फाडता अप्पांचा हात थांबला. "मग, आली काय ती परत?" "कविता तिथंच संपते, अप्पा." "संपती कशी? उद्या बाईंना विचारून ये की." मी विचारलं तेव्हा वर्ग हसला, बाई हसल्या नाहीत. आता मीच ती कविता शिकवतो, आणि शेवटच्या ओळीनंतर पुस्तक लगेच मिटवत नाही.