पोकरात कलर मोठा

त्या हिवाळ्यात आमची पोस्टिंग बर्फातली होती. मी सिग्नलचा लान्स नायक, गाव बार्शीटाकळी. नायक रईस खान बाळापूरचा. कंपनीत वऱ्हाडी बोलणारे आम्ही तिघंच. तिसरा आमचा सेक्शन कमांडर, हवालदार गावंडे, अमरावतीचा.

पोस्टवरचं काम ठरलेलं. पहाटे हत्यारं घेऊन स्टँड-टू, मग बर्फ उपसणं, वायरलेस सेट तपासणं, सेंट्री ड्यूटी. उरलेल्या वेळात पत्ते. तीन पत्ती आम्हाला घरूनच येत होती. पोकर रईस आमच्या कॅप्टन साहेबांकडून शिकला आणि स्टोव्हजवळ बसून त्यानं मला शिकवलं. पैसे लावायची मनाई होती, म्हणून रेशनमधले बेदाणे लावायचे.

प्रत्येकाच्या हातात दोन पत्ते, मध्ये पाच सगळ्यांचे, त्या सातांतून आपले चांगले पाच निवडायचे. मधले पत्ते टप्प्याटप्प्यानं उघडतात आणि दर टप्प्याला बोली. मी पहिल्याच डावात ओळीनं पाच पत्त्यांची सिक्वेन्स दाखवली आणि बेदाणे ओढले. रईसनं आपला कलर मांडून माझा हात धरला.

"ठेव. तीन पत्तीत सिक्वेन्स मोठी, इथं कलर मोठा. पाच पत्ते एका रंगाचे लागणं कठीण असते. आपले सगळे वऱ्हाडी इथंच फसते, बावा."

पॅक करायलाही त्यानंच शिकवलं. मला पत्ते टाकणं म्हणजे पळ काढल्यासारखं वाटायचं. तो म्हणायचा की खराब पत्त्यावर अडून बसणारा मर्द नसतो, मूर्ख असतो.

मार्चमध्ये गस्तीची एक तुकडी निघाली. मी पोस्टवर सेटजवळ होतो. गावंडे पुढच्या वळणावर, त्याच्याजवळ दोन जवान. रईस शेवटी, दुसरा सेट घेऊन. ऊन चढलं होतं. सेटवर गावंडेचा आवाज आला.

"रईस, स्पेअर बॅटरी पिछले हॉल्टपे रह गई. वापस जाओ. ओव्हर."

"उस्ताद, धूप हो गई है. स्लोप ढीला है. ओव्हर."

"हुकूम है. जाओ. ओव्हर."

"रॉजर. आऊट."

ती बॅटरी गावंडे स्वतः विसरला होता. थोड्या वेळानं डोंगरावरून बर्फ कोसळल्याचा आवाज पोस्टवर ऐकू आला. मी रईसला कॉल देत राहिलो. उत्तर आलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला बर्फातून काढलं. सेट छातीशीच होता.

चौकशीत गावंडेनं सांगितलं की रईस हुकमाविना मागं गेला. मी ऐकलेलं शब्द न् शब्द सांगितलं. त्याच्याजवळचे दोघं म्हणाले, आम्ही काही ऐकलं नाही. माझ्या एकट्याच्या शब्दावर हवालदाराचा शब्द भारी पडला. गावंडे पुढं सुभेदार होऊन रिटायर झाला. बाळापुरात मात्र लोक रईसच्या अम्मीला तोंडावर सांगू लागले की तुमचा पोरगा स्वतःच्या शहाणपणानं गेला. मी दर ईदला त्यांच्याकडं जायचो. त्या शीरखुर्मा द्यायच्या, त्याचं नाव काढायच्या नाहीत. परतताना माझ्या अंगाची आग व्हायची.

रिटायर होऊन मी अकोल्यात सिक्युरिटीचं काम धरलं. मागच्या वर्षी कळलं की अमरावतीत गावंडेच्या घरी दर शनिवारी माजी सैनिकांची पत्त्यांची बैठक असते. मोबाईलवर पाहून त्यांनी तीन पत्ती सोडून पोकर धरलं होतं, नुसत्या प्लास्टिकच्या चिप्सवर. जुनं सगळं विसरलो असं दाखवत मी जायला लागलो. मला मैत्री करायची नव्हती. तो माणूस मला समोर हवा होता.

मी हरत राहिलो, पॅक करत राहिलो आणि त्याला वाचत राहिलो. चांगले पत्ते आले की गावंडे नकळत सावधानमध्ये बसायचा. एकदा दुसऱ्याचा कलर बघून तो मला हळूच म्हणाला, "मी उगाच पॅक केलं. माही सिक्वेन्स होती, याचा कलर खाल्ला असता." मी मान डोलावली. त्याची चूक मी जपून ठेवली, आणि मला त्याची जराही लाज वाटत नाही.

दिवाळीनंतरच्या एका बैठकीत त्यानं पुन्हा रईसचा विषय काढला. हुकूम न मानणारे असेच मरतात, म्हणाला. पत्ते वाटले गेले होते. माझ्या हातात बदामाचा एक्का आणि सत्ती. मध्ये पाच उघडले, त्यांत तीन बदामाचे, म्हणजे माझा कलर लागला; मध्ये जोडी नव्हती, म्हणून त्याहून मोठं काही कोणाकडं असणं कठीण. गावंडे सावधानमध्ये बसला.

मी म्हणालो, "साहेब, चिप्स राहू द्या. तुमी हरले तर बाळापूरले चला अन् रईसच्या अम्मीले सांगा, हुकूम कोणाचा होता. मी हरलो तर इथंच सगळ्यांसमोर सांगतो की चौकशीत मीच खोटं बोललो."

गावंडेनं एकदा पत्त्यांकडं पाहिलं, एकदा सगळ्यांकडं. मग म्हणाला, "मंजूर." त्यानं नव्व्यापासून बादशहापर्यंतची सिक्वेन्स मांडली आणि हसला. मी माझे दोन बदाम ठेवले.

बैठकीत एक वकील साहेब होते, पोकर त्यांनीच सुरू केलेलं. ते म्हणाले, "गावंडे, पोकरात कलर मोठा." गावंडे वाद घालू लागला. तेव्हा वकील साहेब आपल्या गाडीची किल्ली घेऊन उठले आणि त्याला म्हणाले, "हरले ना? मग चला, आत्ताच."

आम्ही तिघं बाळापूरला पोचलो. गावंडे अम्मींसमोर उभा राहून मान खाली घालून म्हणाला, "हुकूम माहा होता. तो नाही म्हणत होता. मीच पाठवलं."

तो रडेल, त्या रडतील, असं मला वाटलं होतं. अम्मी रडल्या नाहीत. त्यांनी काठी घेतली आणि चप्पल घातली.

"मले सांगून काय होते? मले माहीतच होतं, माहा रईस हुकूम मोडणारा नोहता. आता गल्लीले सांगा."

त्यांनी पहिलं दार स्वतः ठोठावलं. गावंडे पुटपुटला. अम्मी म्हणाल्या, "जोरानं सांगा. यायले कमी ऐकू येते." मग त्यानं मोठ्यानं सांगितलं, "नायक रईस खान माह्या हुकमानं गेला." दारातला म्हातारा खाली बघू लागला.

अम्मी पुढच्या दाराकडं वळल्या. गावंडे त्यांच्या मागं, आणि मी गावंडेच्या मागं, त्याला परत फिरता येऊ नये म्हणून.