बोल वं बाई

होळीच्या आठवड्यात, तीन जणांच्या समितीसमोर, तिची रेघ बोलली नाही. जूनमध्ये प्रयोगशाळा बंद झाली.

रेघ म्हणजे कागदावर छापलेली चांदीच्या शाईची बारीक पट्टी. तिच्या दोन टोकांना मीटरच्या सुया टेकवल्या आणि वीज वाहिली, तर मीटर वाजतो. त्याला ती ‘बोलणं’ म्हणायची. सुया टेकवताना मान वाकडी, डोळे मिटलेले, आणि हळूच, “बोल वं बाई.”

ती माझ्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायची. उमरेडच्या विणकर घरातली. इथल्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायची. वर्गात भाषा पुस्तकी, चिडली की उमरेडची. तुम्ही नागपूरचे असाल तर कळमन्याच्या फळबाजारातून स्कूटीवर, पायांमध्ये संत्र्याच्या सालींचं पोतं ठेवून येणारी बाई पाहिलीही असेल.

चांदीचे अतिसूक्ष्म कण करायला एरवी विषारी रसायनं लागतात. ती सालींचा काढा वापरायची. त्या कणांची शाई साध्या प्रिंटरमध्ये भरून कागदावर सर्किट छापायची. घरचे माग कधीच थांबले होते. शाई जमली की पुढची रेघ उमरेडच्या सुती कापडावर, हे तिचं ठरलेलं होतं.

आमच्या पेपरात तिच्यावर बातमी आली. डेस्कवर मथळा पडला, ‘संत्र्याच्या सालीतून चांदी’. दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी शेजाऱ्यांनी सालींच्या पिशव्या आणून ठेवल्या. एका काकूंनी तर जोडव्यांचं माप दिलं. ती माझ्याकडे आली. “चांदी विकतच आणावं लागते, भाऊ. साल फक्त तिचे कण पाडते. काहून असं छापता?”

दिवाळीत रेघ रोज बोलत होती. होळीकडे मुकी झाली. तिनं पाणी बदललं, भांडी बदलली, शाई भाजायच्या भट्टीची आच वाढवली तर कागद करपला. प्रकल्पाला पैसे देणारी समिती तपासणीला आली तेव्हा मीटर गप्प होता. एका सदस्यानं तो हलवून पाहिला.

त्याच आठवड्यात आम्ही इमारतीच्या फाटकाजवळ संत्र्यांच्या हातगाडीवर उभे होतो. तिनं सवयीनं विचारलं, “आंबियाची का मृगाची गा?”

“मृगाची, ताई. आंबिया कधीचाच संपला.”

तिनं हातातलं संत्रं परत ठेवलं. आंबिया बहाराची संत्री दिवाळीच्या सुमारास येतात, मृग बहाराची होळीकडे. नागपुरात संत्री घेताना हा प्रश्न कुणी चुकवत नाही. तीही नाही. सालींचं पोतं घेताना मात्र तिनं तो एकदाही विचारला नव्हता.

“खायले विचारते मी,” ती म्हणाली. “शाईले नाही विचारलं.”

प्रयोगशाळेत दिवाळीतल्या वाळलेल्या सालींची एक बरणी उरली होती. त्या सालींची शाई बोलली. मृगाच्या सालींची, तीच कृती करूनही, नाही. दोन्ही पट्ट्या घेऊन ती समितीकडे गेली. मृगासाठी वेगळी कृती बसवावी लागेल, मुदत वाढवा, असं तिनं सांगितलं. पुढचं मला तिच्याकडूनच कळलं.

“ही शाई आहे की कोकिळा, मॅडम?” अध्यक्ष म्हणाले. “ऋतू पाहून बोलते?”

बाकीचे दोघे हसले.

“कोकिळा नाही सर, संत्रं आहे,” ती म्हणाली. मग तिची पुस्तकी भाषा सुटली. “मले एक बहार द्या.”

मुदत वाढली नाही. कॉलेजची नोकरी त्या प्रकल्पापुरतीच होती. सामान टेम्पोत चढवताना तिनं बरणीतल्या सालींपासून केलेली पट्टी माझ्या हातात दिली. बरणी रिकामी करून कचऱ्याजवळ ठेवली होती. “ओलाव्यापासून जपा,” एवढंच म्हणाली.

ती उमरेडला गेली. तिथे शिकवणी घेते, असं तिची बहीण सांगते. कापडावर रेघ छापल्याची माहिती नाही. प्रयोगशाळेच्या खोलीत आता परीक्षा विभागाची कपाटं आहेत.

गेल्या आठवड्यात कळमन्यात आंबियाची संत्री उतरली. काल आमच्या इमारतीत इलेक्ट्रिशियन आला होता. त्याचा मीटर मागून घेतला आणि पट्टीच्या दोन टोकांना सुया टेकवल्या.

मीटर वाजला.