वेणी

"बापू, वेणी खरीच धरा. खोटं पडद्यावर कळतं," दिग्दर्शक म्हणाला.

बापूंनी धरली. पलूसजवळच्या आमच्या गावात वेब सिरीजचं शूटिंग चाललं होतं. रान बापूंचं, बंगला बापूंचा, म्हणून जमीनदाराचं कामही बापूंनाच. आम्हा गावकऱ्यांना काम देताना आधी आडनाव विचारलं. माझं ऐकून दिग्दर्शकानं बापूंकडं पाहिलं. बापू हसले. मला मजूर बाईचं काम मिळालं. बोलायचं काही नाही. नुसतं फरफटत जायचं.

बापूंनी मला सरीतून बांधापर्यंत ओढलं. तोडलेल्या उसाचे बुडखे पाठीत घुसले. बघ्यांनी शिट्ट्या मारल्या. दिग्दर्शक परत घेऊ म्हणाला. परत ओढलं. या खेपेला बापू वाकले आणि लिहून दिलेली नव्हती ती शिवी हासडली. माझ्या जातीची. सगळ्यांनी ऐकली. कुणी "कट" म्हटलं नाही.

आई बांधावर उभी होती. मी म्हणाले, "बापू, केस सोडा." त्यांनी मुठीला आणखी एक पीळ दिला.

मी त्यांच्या मनगटाला चावले. दात हाडाला लागले तरी सोडलं नाही. तोंडात त्यांचं रक्त आलं. घाण वाटली नाही, बरं वाटलं.

मग कॅमेरा बंद झाला. बापूंच्या माणसांनी मला त्याच सरीत लाथांनी तुडवलं. आई माझ्यावर आडवी पडली. तिचा हात मोडला. दिग्दर्शक छत्रीखाली बसून चहा पीत होता.

मला वाटलं, आता आई मला बोल लावणार. ती म्हणाली, "आमी जलमभर नुसतं दात-ओठ खाल्लं. तू चावलीस. लय ब्येस केलंस."

त्यानंतर मी माझीच सिरीज काढली, त्या सरीची आणि त्या चावण्याची. भावाचा मोबाईल आणि वस्तीतली माणसं. गावात कुणी रानात पाय ठेवू देईना, म्हणून कवठे महांकाळकडं मामाच्या माळावर गेलो. आडनाव कुणाला विचारलं नाही. इंटरनेटवर टाकली. लोकांनी शिव्या घातल्या आणि पुढचा भागही पाहिला. सिनेमावाल्यांच्या दारात उभं राहायला वशिला लागतो, असं ऐकत आले होते. इथं दारावर कुणी बसलंच नव्हतं.

मग मुंबईहून एका कंपनीचा फोन आला. सिरीज मोठी करू, लिही तूच, दिग्दर्शनही तुझंच. वस्तीतल्या सगळ्यांना काम मिळणार होतं. फक्त एक बदल हवा होता.

"ते चावणं काढूया. प्रेक्षकांना तिची दया आली पाहिजे."

एवढं ताट समोर आलेलं. पण डोक्याची कातडी अजून ठणकते.

"दया नको," मी म्हणाले. "चावणं पहिल्याच भागात राहील. पटत नसेल तर माझ्याकडं मोबाईल हाय."

त्यांनी विचार करतो म्हणून फोन ठेवला. करू देत.

मजूर बाईचं काम मीच करणार. जमीनदार होणाऱ्या पोराला आत्ताच सांगून ठेवलंय, वेणीला हात घालताना विचार कर. मी खोटं चावत नाही.