आत्याची पेटी

आत्याने द्राक्षाचा मणी तोंडात टाकून डोळे मिटले. “दादाच्या बागेची गोडी अजून तीच आहे रे,” ती म्हणाली. मी नुसती मान हलवली.

तिच्या दादाची, म्हणजे माझ्या वडिलांची, ती बाग मी तोडली आणि वाइनसाठी शिराज लावली. तिचा मणी बारका, जाड सालीचा, बियांनी भरलेला. हौसेने कुणाला खायला देण्यासारखा नाही. वाण निवडताना जमिनीला काय मानवेल ते आपण बघतो, वायनरीला काय हवं ते विचारतो. दरवर्षी आत्याकडे पेटी जाते, हे मला आठवलंसुद्धा नाही. आजची पेटी बाजारातून घेतलेली.

आत्याने पेटीतला न उष्टावलेला घड उचलून वडिलांच्या फोटोपुढे ठेवला. तिला चव कळली नव्हती. फोटोकडे मात्र माझ्याने बघवेना.